अंदाजाच्या उलट निकाल आला तर पोस्टर लावावं का? (आविष्कार, टीवायबीएस्सी, नाशिक)

कादवाकाठ

नमस्कार मंडळी. मी नाशिकला टीवायबीएस्सी केमिस्ट्रीला आहे. घर निफाड तालुक्यात, रोजचं जाणं-येणं एसटीने. मॅडमच्या मार्गदर्शनाखाली वर्षभर एक प्रकल्प केलाय आणि कॉलेजातून तो आविष्कार या संशोधन स्पर्धेच्या पुढच्या फेरीसाठी निवडलाय. सादरीकरण दहा दिवसांवर आहे.

विषय असा: आमच्या गावातल्या २२ विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट. द्राक्षबागांना खत भरपूर पडतं, म्हणजे बागेला लागून असलेल्या विहिरीत नायट्रेट जास्त सापडणार, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. प्रत्येक विहिरीचं जवळच्या बागेपासूनचं अंतर मोजून ठेवलं. नमुने एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीनंतर घेतले.

आणि काहीच जुळलं नाही. अंतराचा आणि नायट्रेटचा संबंधच लागेना. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. तिच्या वर पाच विहिरी गेल्या, त्यातल्या चार गावठाणात, गोठे आणि शोषखड्डे यांच्याजवळ. पाचवी मळ्यात आहे, तिचं कारण मला सापडलेलं नाही.

मॅडम म्हणतात, जसं आलं तसं मांड. एक सिनियर दादा म्हणतो, परीक्षकांना ठसठशीत निष्कर्ष लागतो, बागांवरच जोर दे आणि उरलेलं तोंडी सांग. मला हे पटत नाही, पण भीतीही वाटते. दुसरं म्हणजे मी मराठी माध्यमातली, सादरीकरण इंग्रजीत करायला हवं का? आणि तिसरं, माझी एक मैत्रीण आर्ट्सला आहे. तिने आजीच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून त्यांचं वीस मिनिटांचं सादरीकरण बसवलंय. तिला आत्ताच कोणी कोणी विचारतंय, "यात संशोधन काय?" तिला काय सांगू?

रानवाट

लाव पोस्टर. डोळे झाकून लाव.

पंचवटी_मास्तर

मी बरीच वर्षं पदवीच्या मुलांना शिकवतो आणि अशा फेऱ्यांना परीक्षक म्हणूनही बसलो आहे. जरा सविस्तर लिहितो.

आविष्कार २००६ पासून होतो आहे. कॉलेजापासून सुरू होऊन विद्यापीठामार्गे राज्यपातळीपर्यंत जातो. त्यात मानव्यविद्या-भाषा-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, शेती-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान आणि वैद्यक-औषधनिर्माण असे सहा गट. तुझ्या मैत्रिणीचं उत्तर पहिल्या गटाच्या नावातच आहे. भाषा आणि ललितकला तिथे उपकार म्हणून घेतलेल्या नाहीत.

आता तुझं. परीक्षकाला एका पोस्टरपुढे फार वेळ मिळत नाही. मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारतो, "यातलं तू स्वतः काय केलंस?" आणि तिथेच कळून येतं. ज्याने बाटल्या स्वतः विसळल्या आहेत तो बाटल्यांबद्दल बोलतो. ज्याने नाही, तो "आम्ही नमुने संकलित केले" असं म्हणून पुढच्या वाक्यावर उडी मारतो. दुसरा प्रश्न असतो, काय फसलं? याला "काही नाही, सगळं नीट झालं" असं उत्तर आलं की माझा विश्वास उडतो.

तुझा निकाल उलट आलेला नाही. तुझा अंदाज चुकला आणि तुझ्या मोजमापाने तो चुकलेला दाखवला, मोजमापाचं कामच ते. सिनियर दादाचं ऐकून बागांवर जोर दिलास आणि कोणी २२ विहिरींचा तक्ता मागितला, तर तो तक्ता तुझ्याच विरोधात साक्ष देईल.

उगांव_बागाईतदार

मी शेतकरी. मुलगी बीएस्सीला आहे, तिने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

ताई, आधी रागच आला होता. जो उठतो तो द्राक्षवाल्याच्या नावानं बोट मोडतो. मग पूर्ण वाचलं आणि राग गेला. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय की बागांशी संबंध लागला नाही.

एक माहिती देतो, पोस्टरवर उपयोगी पडेल. आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. म्हणजे तुमचे मे महिन्याचे आणि दिवाळीनंतरचे, दोन्ही नमुने खताच्या हंगामातलेच आहेत. "खत पडलं नव्हतं तेव्हा मोजलं" असा आक्षेप कोणी घेऊ शकणार नाही. आणि आता बहुतेकांचं खत ठिबकातून जातं, रोज थोडं थोडं, थेट मुळाशी. पूर्वीसारखी पोती फोकून पाट सोडायचे दिवस राहिले नाहीत. हे कारण असेलच असं मी म्हणत नाही, तुम्ही विचार करा.

आता माझा प्रश्न. ज्या पाच घरांच्या विहिरीत जास्त निघालं, त्यांना तुम्ही सांगितलं का?

कादवाकाठ

@उगांव_बागाईतदार काका, नाही सांगितलं. मला ते सुचलंच नाही. मॅडमशी आजच बोलते.

@पंचवटी_मास्तर सर, बाटल्या मीच विसळल्या आहेत. नमुना घेताना त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा. बर्फाच्या डब्यात घालून पहिल्या एसटीने आणायचे आणि ४८ तासांच्या आत तपासायचे. एकदा मात्र फसलं. चार नमुने शनिवारी आणले आणि लॅबचं फ्रीज बंद पडलं. सोमवारी मी ते तसेच चालवणार होते, मॅडमनी ओतून द्यायला लावले आणि पुन्हा आणायला पाठवलं. तेव्हा रडू आलं होतं. ते पोस्टरवर लिहू का?

पंचवटी_मास्तर

एका ओळीत लिही. "चार नमुने साठवण बिघडल्याने टाकून पुन्हा घेतले." ही ओळ तुझ्या मॅडमचाही मान वाढवते.

कोडिंगवाला_सातपूर

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी इंजिनीअरिंग केलं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दुकानातून विकत घेतला होता, अहवाल छापून आणि बाइंडिंग करून मिळाला. सादरीकरणाला टाय लावून उभे राहिले आणि प्रमाणपत्रंही मिळाली. त्यामुळे पदवीच्या पातळीवर संशोधन होतं यावरच माझा विश्वास नाही. मुलांना आधी पुस्तकातलं नीट येऊ द्या.

रानवाट

@कोडिंगवाला_सातपूर असे प्रोजेक्ट मीही पाहिलेत. पण त्यावरून सगळ्यांना एका दावणीला बांधू नका.

मी बॉटनीची. एसवायला असताना सरांनी अंजनेरीवर एका तुकड्यातली कंदीलपुष्पं मोजायला लावली. त्या कुळातली सेरोपेजिया अंजनेरिका ही जात जगाला २००६ साली कळली, नाव आपल्या डोंगराचं! आम्ही पावसाळाभर दर रविवारी जायचो. धुकं इतकं की हात लांब केला तर दोरी दिसायची नाही. चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की गुरांच्या वाटेच्या कडेने मोजताना मी आणि मैत्रीण वेगवेगळे आकडे आणतोय, कारण फूल नसलेलं रोप ती धरत नव्हती आणि मी धरत होते. "मोजणं" म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. पुस्तकातलं नीट यायचं तर हे एकदा तरी अंगावरून जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

परीक्षकांनी मला एकच विचारलं, "किती वेळा गेलात?" मी म्हटलं, अकरा. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, हसून पाठीवर थाप मारली.

नळकांडी

पोस्टरवरून आठवलं. ते एसटीतून न्यायचं तर पीव्हीसीचा तुकडा आणि दोन टोप्या प्लंबरकडून घ्या. आमचं येवला गाडीत कंडक्टरला पतंगाची आसारी (मांजा गुंडाळायची फिरकी) वाटली, संक्रांत जवळ होती ना! "अर्धं तिकीट लागेल" म्हणाले आणि मग स्वतःच उघडून अख्खं पोस्टर वाचलं.

सह्याद्रीचा_वारा

येवल्यात संक्रांतीच्या आधी काहीही लांबट दिसलं की आसारीच 😀

छपाईवाली

कॉलेज रोडला डिझाइनिंगचं काम करते, मुलं शेवटच्या रात्री येतात म्हणून सांगते. फ्लेक्स स्वस्त आणि लगेच मिळतो, पण सभागृहातल्या ट्यूबलाइटखाली चकाकतो आणि मधला भाग वाचता येत नाही. मॅट कागद घ्या. आकार किती हे नियमावलीत बघूनच फाइल बनवा, आमच्याकडे येऊन ताणू नका, आलेख बसके होतात. आणि देवनागरी फॉन्ट फाइलमध्ये बसवून आणा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. "नायट्रेट"चं "नायट् रेट" झालेलं मी पाहिलंय आणि ते पोर तिथेच खाली बसलं होतं.

दूरदेशी

मी नाशिकरोडची, गेली काही वर्षं अमेरिकेत शिकवते. इथलं थोडं सांगते, तुलना म्हणून नाही, कल्पना यावी म्हणून.

एमआयटीने १९६९ मध्ये पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात थेट घेण्याचा कार्यक्रम सुरू केला, मार्गारेट मॅकव्हिकर यांनी. पदवीच्या मुलांची राष्ट्रीय परिषद १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल इथे पहिल्यांदा भरली. आता कितीतरी विद्यापीठांत वसंत ऋतूत एक दिवस याच कामासाठी ठेवतात. एका दालनात पोस्टर, शेजारच्या खोलीत व्हायोलिन, पुढे कोणी स्वतःच्या कविता वाचतंय, कोणी मातीची भांडी मांडून बसलंय. प्रत्येकाच्या नावाखाली मार्गदर्शकाचं नाव.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. पुष्कळ ठिकाणी तिथे पहिला-दुसरा नंबर काढतच नाहीत. मुलं तीन तास पोस्टरपाशी उभी राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला, वॉचमनपासून कुलगुरूंपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून समजावतात. वीस वेळा सांगितल्यावर काम सांगणाऱ्यालाच नव्याने कळतं. आविष्कारमध्ये स्पर्धा आहे, असू दे. पण कादवाकाठ, तू आधी वीस जणांना सांगून बघ. आईला सांग, एसटीतल्या बायकांना सांग.

म्हसरूळ_एमबीबीएस

वैद्यकीयची मुलंही हे करतात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एसटीएस म्हणून विद्यार्थ्यांसाठी योजना १९७९ पासून आहे, एमबीबीएस करता करता दोन महिन्यांचं संशोधन. मी केलंय. माझाही निकाल "फरक आढळला नाही" असाच आला होता आणि अहवाल स्वीकारला गेला.

उगांवच्या काकांच्या प्रश्नाला जोडून. त्या पाच घरांत सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे का हे आधी बघा. नायट्रेटचा धोका सगळ्यात जास्त त्यांनाच, वरच्या दुधात ते पाणी घातलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. आणि लोक सांगतील "आम्ही उकळून पितो". उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. साध्या गाळणीनेही जात नाही. आरओने कमी होतं. हे घरच्यांना स्पष्ट सांगा. पोस्टर नंतर.

कोडिंगवाला_सातपूर

हा मुद्दा मात्र पटला. माझ्या वर्गात कोणाच्याच प्रोजेक्टचा कोणाच्या घराशी संबंध नव्हता. कदाचित म्हणूनच ते विकत घेता आले.

गोदाघाट

भाषेबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

माझं म्हणणं, इंग्रजीतच करा. पुढे एमएस्सीला, मुलाखतीला इंग्रजीच लागणार. आज घाबरून मराठी धरली तर ती भीती कायमची राहते.

रानवाट

असहमत. जे डोक्यात मराठीत घडलंय ते मराठीतच स्वच्छ सांगता येतं. मी इंग्रजीत पाठ केलेलं बोलले आणि मध्येच प्रश्न आला तेव्हा गाडी रुळावरून घसरली.

पंचवटी_मास्तर

दोघांचंही थोडं बरोबर. नियमावलीत भाषेबद्दल काय लिहिलंय ते आधी बघ. मोकळीक असेल तर पोस्टरवरचा मजकूर इंग्रजीत ठेव आणि सुरुवातीलाच विचार, "सर, मी मराठीत सांगितलं तर चालेल का?" मी बसलो असताना असं विचारणाऱ्या कोणाला नाही म्हटलं गेल्याचं मला आठवत नाही. तांत्रिक शब्द आहेत तसेच राहू देत. कॅलिब्रेशन कर्व्हला मराठी शब्द शोधत बसू नकोस.

आणि नायट्रेट मोजताना २२० नॅनोमीटरच्या प्रकाशाला रीडिंग घेतलं असशील तर २७५ ला पुन्हा का घेतलं, हे तुला सांगता येतं ना? हा प्रश्न येणारच.

कादवाकाठ

येतं सर. पाण्यातले सेंद्रिय पदार्थही २२० ला प्रकाश शोषतात आणि नायट्रेट २७५ ला शोषत नाही. म्हणून २७५ च्या रीडिंगची दुप्पट २२० मधून वजा करायची. पहिल्यांदा मॅडमनी करून दाखवलं, कॅलिब्रेशन कर्व्हही (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून काढायचा आलेख) पहिला त्यांनीच काढला. दिवाळीनंतरचा मी काढला. विचारलं तर असंच सांगणार आहे.

येवलेकरीण

मैत्रिणीच्या ओव्यांबद्दल लिहिते, तिचा प्रश्न पाण्याच्या धाग्यात वाहून चाललाय.

मी लोकसाहित्यात एमए केलंय. "यात संशोधन काय" असं विचारणाऱ्यांना सांग, हेमा रायरकर आणि गी प्वातवां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव, गाव. तेवढं नाव-गाव लिहिणं हीच संशोधनाची पहिली पायरी, आणि मुलं नेमकी तीच गाळतात. "पारंपरिक" असं लिहून मोकळी होतात.

मैत्रिणीने तीन गोष्टी केल्यात का ते विचार. आजीने कुठली ओवी कशावरून म्हटली, म्हणजे दळताना की नुसती आठवून, हे टिपलं का? एकच ओवी दोन बायकांकडून वेगळी मिळाली तर दोन्ही ठेवल्या का? आणि रंगमंचावर आणताना तिने काय बदललं, चाल की क्रम की शब्द, ते वेगळं सांगता येतं का? हे सांगता आलं तर तिचं सादरीकरण कलाही आहे आणि संशोधनही. तिच्या गाईडनी तिला हे विचारलंच असेल, पण परीक्षक विचारायच्या आधी तिने स्वतःहून सांगावं.

आणि पोस्टरवर आजीचं नाव मोठं हवं. गाईडच्या नावाएवढं.

ओवीवाली

मीच ती मैत्रीण, आज खातं उघडलं. 🙏

येवलेकरीण ताई, आजी आता दळत नाही, जातं अंगणात पालथं पडलंय. नुसती बसवून विचारलं तर तिला चार-पाचच आठवायच्या. मग एक दिवस सरांनी सुचवलं म्हणून जातं सुलटं केलं, खुंटा ठोकला आणि नागलीचं दळण ठेवलं. हात फिरायला लागल्यावर तासाभरात सत्तावीस आल्या. मी सादरीकरणात फक्त क्रम बदललाय, पहाटेपासून लेकीच्या सासरापर्यंत असा लावलाय. चाल तिचीच. हे मी कुठे लिहिलंच नव्हतं, मला ती तयारी वाटत होती, काम वाटत नव्हतं.

येवलेकरीण

अगं, हेच तर तुझं संशोधन! जातं फिरल्यावर सत्तावीस, नुसतं बसून पाच. पहिल्याच ओळीत टाक.

उगांव_बागाईतदार

आमच्या घरी माझी आई वाचायला बसलीय हे. म्हणते, पोरीला सांगा खुंट्याला फडकं बांध, आजीच्या हाताला फोड येतील.

कादवाकाठ

मंडळी, परवा सादरीकरण झालं. आधी रविवारचं सांगते.

मॅडम रविवारी स्वतः गावात आल्या. आम्ही पाच घरांसाठी मराठीत एकेक पानाची चिठ्ठी केली होती: विहिरीचा आकडा, मर्यादा ४५, उकळून उपयोग नाही, लहान बाळाला हे पाणी नको. एका घरी चार महिन्यांचं बाळ निघालं. ते अंगावरच पितं, पण महिन्याभरात वरचं सुरू करणार होते. त्यांनी आता पिण्याचं पाणी दुसरीकडून भरायला घेतलंय. एका घरी मात्र ऐकून घेतलं नाही, "आमचे आजे-पणजे हेच पाणी प्याले" म्हणाले. चिठ्ठी ठेवून आलो.

पाचव्या, मळ्यातल्या विहिरीवर म्हातारी आजी होती. तिला मी सांगितलं की बाकीच्या चार विहिरी गोठ्याजवळ आहेत, तुमचीच का जास्त आली कळत नाही. ती म्हणाली, "अगं इथंच होता की आमचा गोठा. मोडून दहा-बारा वर्षं झाली, मग बाग लावली." मी त्या विहिरीवर दोनदा नमुना घ्यायला गेले होते, आणि दोन्ही वेळा ती तिथेच बाजेवर बसलेली होती. तिला काही विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

सादरीकरणात परवानगी घेऊन मराठीत बोलले. "तू काय केलंस" आणि २७५, दोन्ही प्रश्न आले. एका मॅडमनी विचारलं, अंदाज चुकल्यावर काय वाटलं? मी म्हटलं, आधी वाईट वाटलं. यादी अजून लागलेली नाही. ओवीवालीचं उद्या आहे, आजी सोबत येणार आहे.

जुन्या गोठ्याबद्दल पोस्टर छापून झाल्यावर कळलं, म्हणून नुसतं तोंडी सांगितलं. अहवालात कारण म्हणून घालू का?

पंचवटी_मास्तर

कारण म्हणून नको. "मालकिणीने सांगितल्यानुसार या जागी पूर्वी गोठा होता, तो एक संभाव्य स्रोत असू शकतो", इतकंच. एका विहिरीवरून त्याहून जास्त म्हणता येत नाही. आजीचं नाव त्यांना विचारून ऋणनिर्देशात घे.

आणि उरलेल्या १७ विहिरींच्या मालकांना जुन्या गोठ्यांबद्दल विचारलंस का? जिथे पूर्वी गोठा होता तरी नायट्रेट कमी आहे अशी एखादी निघाली तर तीही लिहायला लागेल.

कादवाकाठ

नाही विचारलं. या रविवारी जाते.

उगांव_बागाईतदार

ताई, आमच्या मळ्यातही जुन्या गोठ्याची जागा आहे, विहिरीपासून पंधरा-वीस पावलांवर. तुमच्या गावाबाहेरची चालत असेल तर नमुना घ्यायला या. सकाळी नऊच्या आत या, नंतर मोटर चालू होते.